‘पिशवीच्या तोंडाला जखम’: दोन अस्तरांची शीव, एचपीव्ही आणि कर्करोग

काचपट्टी | सोमवार, रात्री ९:१०

तपासणीच्या कागदावर ‘इरोजन’ लिहिलेले असते. बाई घरी येऊन सांगते, ‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे म्हणाले.’ मग कोणीतरी म्हणते की जखम चिघळली की कॅन्सर होतो, आणि तिथून पिशवी काढून टाकण्यापर्यंतची वाट फार लांब नसते. ती ‘जखम’ बहुतेक वेळा जखम नसतेच. पण ती जिथे दिसते, नेमक्या त्याच जागी कर्करोग सुरू होतो हेही खरे आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते समजावे म्हणून हा धागा.

गर्भाशयमुखाला दोन प्रकारचे अस्तर असते. योनीकडच्या बाहेरच्या भागावर चपट्या, म्हणजे स्क्वॅमस पेशींचे अनेक थर असतात. सर्वांत खालचा एकच थर विभागतो, त्याच्या पेशी वर सरकत चपट्या होतात आणि शेवटी गळून पडतात. गळताना चिकटलेले जंतूही घेऊन जातात. या पेशींत ग्लायकोजन भरलेले असते. आतल्या नळीला मात्र उंच, कॉलम्नर पेशींचा एकच थर असतो आणि त्या श्लेष्मा बनवतात. म्हणजे बाहेर जाड भिंत, तर आत पातळ पडदा आणि त्यावर चिकट लेप. दोन्ही अस्तरे एका बारीक रेषेवर भेटतात. तिला आपण शीव म्हणू.

ही शीव जागची हलते. वयात येताना, गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांवर असताना इस्ट्रोजेनमुळे मुख फुगते आणि आतले अस्तर बाहेर उलटते. एकच थर असल्याने खालच्या केशवाहिन्यांचा रंग आरपार दिसतो. तीच लालसर, दाणेदार, स्पर्शाने कधी थोडी रक्ताळणारी जागा म्हणजे कागदावरचे ‘इरोजन’. खरा शब्द एक्ट्रोपियन. अस्तर शाबूत असते, फक्त वेगळे असते. खरी झीज, म्हणजे अस्तरच उडून गेलेली जागा, कमी वेळा दिसते आणि ती बहुधा इजेची असते.

बाहेर उलटलेल्या या नाजूक पेशींना आता योनीतल्या आम्लाचा, साधारण ३.८ ते ४.५ पीएचचा सामना करावा लागतो. शरीर त्यावर शहाणा उपाय करते. कॉलम्नर थराखालच्या राखीव पेशी विभागू लागतात, आधी अर्धवट आणि मग पूर्ण स्क्वॅमस अस्तर तयार होते. याला मेटाप्लेझिया म्हणतात. तो रोग नाही, डागडुजी आहे. जुनी शीव ते नवी शीव या दरम्यानचा बदललेला पट्टा म्हणजे ट्रान्सफॉर्मेशन झोन. गर्भाशयमुखाचे कर्करोग बहुतांशी याच पट्ट्यात उगवतात. विभागणाऱ्या, अजून कच्च्या पेशी पृष्ठभागाच्या जवळ आलेल्या असतात, हे त्याचे एक कारण. २०१२ मध्ये शिवेवरच्या घनाकृती पेशींचा एक वेगळा छोटा गट वर्णिला गेला. त्यांत केराटिन ७ सापडते आणि अनेक कर्करोगपूर्व जखमांतही तीच खूण मिळते.

(वरच्या वाक्यात ‘जखमा’ मीच लिहिले. शब्द किती चिवट आहे बघा. यापुढे ‘डाग’ म्हणतो.)

---

निळावंती | सोमवार, रात्री १०:०२

विषाणूची बाजू मी घेते.

एचपीव्ही, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, अखंड स्क्वॅमस अस्तरात शिरू शकत नाही. त्याला सर्वांत खालचा थर गाठावा लागतो, कारण विभागत राहणाऱ्या पेशी फक्त तिथेच आहेत. वरच्या थरातल्या पेशीत शिरून उपयोग नाही, ती काही दिवसांत गळून जाणार. म्हणून त्याला सूक्ष्म ओरखडा लागतो, डोळ्यांना न दिसणारा. ओरखड्यात आधारपटल, म्हणजे अस्तर ज्यावर उभे असते तो पातळ पडदा, उघडे पडते, विषाणू आधी तिथल्या हेपरान सल्फेटला चिकटतो, मग त्याच्या कवचाचा आकार बदलतो, फ्युरिन नावाचे विकर कवचातल्या एल२ प्रथिनाचा तुकडा कापते, आणि त्यानंतरच तो जखम भरायला सरकत आलेल्या पेशीवर जातो. या सगळ्याला तास लागतात. हा उशीर लक्षात ठेवा, लसीच्या वेळी कामाला येईल. शिवेवर तर ओरखड्याचीही फारशी गरज उरत नाही, कच्च्या पेशी जवळपास हाताशी असतात.

शिरल्यावर तो शांत बसतो. खालच्या पेशीत त्याच्या जनुकसाखळीच्या थोड्याच प्रती राहतात. पेशी वर सरकू लागली की ई६ आणि ई७ ही विषाणूची प्रथिने तिला ‘अजून विभाग’ असे सांगत राहतात, कारण प्रती काढायची सगळी यंत्रसामग्री विभागणाऱ्या पेशीतच असते. कवचाची प्रथिने अगदी वरच्या थरांत बनतात. पेशी आपसूक गळते आणि तिच्याबरोबर विषाणूही बाहेर पडतो. खालून वर हा प्रवास साधारण तीन आठवड्यांचा.

यात अस्तराची फसगत कुठे होते? विषाणू पेशी फोडत नाही, त्यामुळे दाह नाही. रक्तात उतरत नाही. जास्तीत जास्त विषाणू जिथे असतो ते थर आधीच मरणाच्या वाटेवर असतात आणि तिथे रक्तवाहिन्या पोचत नाहीत. अस्तरात गस्त घालणाऱ्या लँगरहान्स पेशीही संसर्गाच्या जागी कमी होतात. धोक्याची घंटा वाजवणारे कोणी जागेवरच नसते, मग सैन्य उशिरा येते.

तरीही येते. बहुसंख्य संसर्ग दोन वर्षांच्या आत मावळतात किंवा चाचणीत न सापडण्याइतके दबतात. धोका आहे तो टिकून राहणाऱ्या संसर्गाचा. टिकला की ई६ पी५३ ला नष्ट करवते आणि ई७ आरबी प्रथिनाला बांधून ठेवते. पी५३ हा बिघडलेल्या पेशीला थांबवणारा, आरबी हा विभागणीचा ब्रेक. काही वेळा विषाणूची साखळी तुटून पेशीच्या गुणसूत्रात शिरते, तुटताना ई२ जनुक निकामी होते आणि ई६-ई७ वरचा लगाम सुटतो. विषाणूलाही हे नको असते, कारण अशा पेशीतून नवे विषाणू बाहेर पडत नाहीत. कर्करोग हा एचपीव्हीसाठी वाट चुकल्याचा प्रकार आहे, फायदा नव्हे.

दोनशेहून जास्त प्रकारांपैकी १२ प्रकार कर्करोगकारक म्हणून नक्की झाले आहेत. त्यांतले १६ आणि १८ मिळून गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांना जबाबदार आहेत.

---

गोदाकाठ | सोमवार, रात्री १०:२०

वेळेचा हिशेब इथेच देऊन ठेवतो, कारण ‘एचपीव्ही निघाला’ म्हटले की घरात रडारड सुरू होते. संसर्ग ते कर्करोग हा प्रवास बहुतेक बायकांत १० ते २० वर्षांचा. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एका रुग्णालयात सीआयएन ३, म्हणजे तीव्र कर्करोगपूर्व डाग, असलेल्या काही बायकांवर उपचार रोखून धरले गेले होते. घोर अन्याय होता तो, पुढे चौकशीही झाली. पण त्या नोंदींवरून २००८ मध्ये एवढे कळले की पुरेसा उपचार न मिळालेल्यांपैकी ३० वर्षांत साधारण ३१ टक्क्यांना कर्करोग झाला. म्हणजे तीव्र डाग असूनही सगळ्यांना होत नाही, आणि झाला तरी गाठायला वेळ मिळतो. एचआयव्हीसोबत जगणाऱ्या बायकांत मात्र धोका सुमारे सहापट आणि घड्याळही वेगाने चालते. त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटना तपासणी २५ व्या वर्षी सुरू करून दर ३ ते ५ वर्षांनी करायला सांगते. बाकीच्यांना ३० पासून, एचपीव्ही चाचणी असेल तर दर ५ ते १० वर्षांनी.

---

उंबरठा | मंगळवार, सकाळी ७:४५

काचपट्टींच्या पहिल्या परिच्छेदाला दवाखान्याच्या बाजूची जोड.

एक्ट्रोपियनला उपचार लागत नाही. त्रास असेल, म्हणजे पातळ पांढरे पाणी सतत जाणे किंवा संबंधानंतर रक्त दिसणे, तर आधी तपासणी पूर्ण करायची: एचपीव्ही चाचणी किंवा पॅप (मुखावरच्या पेशी खरवडून काचेवर बघणे), शिवाय क्लॅमिडिया-गोनोरियाचा विचार. हे दोन जंतू कॉलम्नर पेशींतच शिरतात, जाड स्क्वॅमस भिंतीत त्यांना जागा नसते. ते सगळे निर्धोक निघाले आणि त्रास खरोखर मोठा असेल तरच ती जागा जाळणे.

चूक होते ती क्रमात. आधी जाळतात, मग कधीतरी पॅप. जाळल्यावर नवे स्क्वॅमस अस्तर येते, शीव नळीत आत सरकते, कधी तोंड आकुंचन पावते. आत काही उरले असेल तर ते आता झाकले गेले. लाल दिसले की प्रतिजैविके आणि योनीत ठेवायच्या गोळ्यांचे महिनोन्महिने फेरे, हाही तसाच प्रकार. एकच थर असलेले अस्तर लालच दिसणार, ते गोळीने गोरे होणार नाही.

पिशवी काढणे हा तर याचा कळस. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या तरुण वयात मोठ्या प्रमाणात काढल्या गेल्याचे उघड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. त्यामागे मजुरी, मुकादमाची उचल, पाण्याची टंचाई अशी कितीतरी कारणे आहेत, सगळे खापर एका शब्दावर फोडायचे नाही. पण ‘जखम आहे, पुढे कॅन्सर होईल’ ही भीती त्यात पुन्हा पुन्हा दिसते.

वैद्यकीय बाजूनेही हे उलटते. तपासणी न करता साधी शस्त्रक्रिया केली आणि नंतर पिशवीत आधीच पसरलेला कर्करोग निघाला, तर ती शस्त्रक्रिया अपुरी ठरते. अशा कर्करोगाला आजूबाजूच्या ऊतींसह मोठी शस्त्रक्रिया किंवा केमोसह किरणोपचार लागतो, आणि अर्धवट शस्त्रक्रियेनंतर ते नियोजन अवघड होऊन बसते. पिशवी काढण्याआधी गर्भाशयमुखाची तपासणी झालीच पाहिजे, कारण काहीही असो.

---

दुपारचा_चहा | मंगळवार, दुपारी ३:३०

जंतूंबद्दल कोणी बोलले नाही म्हणून. गळणाऱ्या पेशींतले ग्लायकोजन फुटून तयार होणाऱ्या साखरेवर लॅक्टोबॅसिलस जगतात आणि लॅक्टिक आम्ल बनवतात. ते पीएच अस्तराच्या संरक्षणाचाच भाग आहे. लॅक्टोबॅसिलस कमी होऊन गार्डनेरेला वगैरे ऑक्सिजनशिवाय वाढणारे जंतू माजले की पीएच ४.५ च्या वर जातो, माशासारखा वास येतो, आणि त्या जंतूंची सायालिडेज विकरे श्लेष्म्यातल्या म्यूसिनची साखळी कुरतडतात. लेप पातळ होतो. अशा स्थितीत एचपीव्ही टिकून राहण्याचे प्रमाण जास्त आढळते. कोण आधी, विषाणू की जंतूंचा बिघाड, यावर मतभेद आहेत, मी पैज लावणार नाही.

व्यवहारात एवढेच: आतून धुणे बंद. साबण, डेटॉलचे पाणी, बाजारातले सुगंधी वॉश, काहीही नको. बाहेरून साधे पाणी पुरते. तो लेप घाण नाही.

---

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ८:५५

व्हीआयए, म्हणजे मुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी बघण्याची तपासणी, कसे करायचे यावर निरोप आले आहेत, म्हणून इथे लांबण लावतो. हे वाचून घरी कोणी करायचे नाही. हे एएनएम (उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका), परिचारिका, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) यांच्यासाठी.

द्रावण ५ टक्के: ५ मिली ग्लेशियल ॲसेटिक आम्ल ९५ मिली डिस्टिल्ड पाण्यात. आम्ल पाण्यात घालायचे, आणि बाटलीवर ‘५%’ व तारीख लिहायची. सर्वांत भयानक चूक म्हणजे पातळ न केलेली बाटली चुकून वापरणे, त्याने तीव्र भाजते. उघडी ठेवलेली बाटली कमजोर होते आणि मग डाग उमटत नाही. ताजे द्रावण लागते.

स्पेक्युलम (योनी उघडी धरणारे साधन) घालून आधी द्रावण न लावता नुसते बघायचे. फुलकोबीसारखी वाढ, व्रण, हात लागताच भळभळ रक्त दिसले तर व्हीआयएच्या भानगडीत न पडता सरळ पुढे पाठवायचे. श्लेष्मा कोरड्या कापसाने टिपायचा, घासायचे नाही. मग द्रावणात पूर्ण भिजलेला बोळा मुखावर दाबून धरायचा आणि घड्याळ लावून एक मिनिट थांबायचे. लोक इथेच घाई करतात. वीस सेकंदांत बघून ‘निगेटिव्ह’ लिहितात. आम्लाने पेशीतली, विशेषतः केंद्रकातली प्रथिने तात्पुरती साकळतात, आणि जिथे केंद्रके मोठी व दाटीवाटीने आहेत तिथे प्रकाश परत फिरून पांढरे दिसते. त्याला वेळ लागतो.

पॉझिटिव्ह कधी: दाट, अपारदर्शक, कडा स्पष्ट असलेला पांढरा डाग, आणि तो शिवेला टेकलेला. फिकट, विरळ, कडा विरघळलेली पांढरट झाक बहुधा कच्च्या मेटाप्लेझियाची. शिवेपासून लांब सुटे पांढरे ठिपके सोडून द्यायचे. नाबोथियन गाठी मोत्यासारख्या गोल दिसतात, त्या बुजलेल्या ग्रंथी असतात. शीव पूर्ण दिसली नाही तर ‘निगेटिव्ह’ लिहिणे खोटेपणा आहे. पन्नाशीनंतर शीव नळीत आत जाते, म्हणून त्या वयात व्हीआयएवर विसंबू नये.

मुंबईत टाटा मेमोरियलने ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी व्हीआयएच्या चार फेऱ्या केल्या. १२ वर्षांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. डॉक्टर नाही, प्रयोगशाळा नाही, बोळा आणि आम्ल. तेव्हा व्हीआयएला नावे ठेवताना जरा जपून.

---

निळावंती | मंगळवार, रात्री ९:३०

नावे ठेवत नाही, पण अर्धेच सांगितलेत. त्याच मुंबईच्या अभ्यासात आक्रमक कर्करोगाचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले. म्हणजे व्हीआयएने कर्करोग लवकर पकडला, टाळला मात्र फारसा नाही. कर्करोगपूर्व डाग पुरेसे सापडले असते तर प्रमाणही खाली यायला हवे होते.

दुसरा अभ्यास उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा. बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट, चार वाटण्या: एचपीव्ही चाचणी, पॅप, व्हीआयए आणि नेहमीची सेवा. तपासणी एकदाच. २००९ मध्ये आठ वर्षांचा निकाल आला: एचपीव्ही गटात मृत्यू जवळपास निम्मे, नेहमीच्या सेवेत ६४ तर इथे ३४. पॅप आणि व्हीआयए गटांत लक्षणीय घट नाही. शिवाय चाचणी निगेटिव्ह आलेल्या बायकांत पुढे कर्करोग होण्याचे प्रमाण एचपीव्ही गटात इतर दोन गटांच्या साधारण पाव. आयुष्यात एकदाच हात लागणार असेल तर कोणती चाचणी, याचे उत्तर मराठवाड्याच्या बायकांनी जगाला दिले आहे.

कारण अस्तरातच आहे. व्हीआयए आणि पॅप हे विषाणूने केलेली नासधूस शोधतात. एचपीव्ही चाचणी कारणच शोधते, नासधूस दिसण्याआधी.

---

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ९:५२

मान्य. पण एचपीव्ही चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या तिशीतल्या दहा जणींपैकी बहुतेकींना डाग नसतोच. त्यांना बोलावणे, बघणे, समजावणे याची सोय नसेल तर चाचणी म्हणजे नुसते भीतीचे वाटप. शिवाय ज्या उपकेंद्रात चाचणीची किट पोचत नाही तिथे बोळा आणि आम्ल उद्या सकाळी सुरू करता येते.

---

निळावंती | मंगळवार, रात्री १०:०५

त्यासाठीच १६-१८ वेगळे सांगणाऱ्या चाचण्या. १६ किंवा १८ निघाला तर थेट कॉल्पोस्कोपी (मुख भिंगातून मोठे करून बघणे), इतर प्रकार निघाले तर आधी पॅप किंवा व्हीआयएने चाळणी. आणि नमुना ती स्वतः घेऊ शकते. मऊ ब्रश किंवा स्वॅब योनीत आत सरकवून किटवर लिहिल्याप्रमाणे फिरवायचा. गर्भाशयमुख सापडायलाच हवे असे नाही, विषाणू गळलेल्या पेशींबरोबर खाली येतो. पीसीआरवर चालणाऱ्या चाचणीत असा नमुना डॉक्टरने घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास तोडीचा. पण तोच नमुना पॅपला चालत नाही, हे सांगायला विसरू नका. गोव्याच्या मोलबायोची ट्रूनॅट यंत्रे क्षयरोगासाठी बऱ्याच ठिकाणी आधीच बसवलेली आहेत, त्यांवर एचपीव्हीची चिपही चालते.

---

काचपट्टी | बुधवार, रात्री ९:२०

पॅप अजून वर्षानुवर्षे राहणार आहे, म्हणून नमुना बिघडतो कुठे ते लिहितो. निदान चुकते त्यातले बरेचसे काचेवर येण्याआधीच चुकलेले असते.

आयर स्पॅच्युला मुखावर ३६० अंश फिरवा, शीव सुटता कामा नये. नळीतला ब्रश फक्त पाव ते अर्धा फेरा, जास्त फिरवला तर रक्तच येते. पातळ, एकसारखा थर काचेवर द्या आणि लगेच ९५ टक्के एथिल अल्कोहोलमध्ये बुडवा. ‘लगेच’ म्हणजे दहा सेकंदांच्या आत, नाव लिहून झाल्यावर नव्हे. नाव पेन्सिलीने आधीच लिहून ठेवायचे. हवेत वाळलेल्या पेशींची केंद्रके फुगतात आणि निरोगी पेशीही संशयित दिसते. जेल लावू नये, कोमट पाणी पुरते. आधीचे ४८ तास संबंध, योनीत ठेवायची औषधे, आतून धुणे टाळायचे. पाळी चालू असताना नको.

पाळी गेलेल्या बाईचे अस्तर इस्ट्रोजेनअभावी पातळ होते, वरचे पक्व थर नसतात, सगळ्या खालच्या थरातल्या पेशी. त्या तीव्र डागासारख्याच दिसतात. अशा वेळी डॉक्टर दोन-तीन आठवडे योनीत लावायची इस्ट्रोजेन क्रीम देतात आणि पॅप पुन्हा करतात. अस्तर पक्व झाले तर संशय आपोआप मिटतो, खरा डाग मात्र तसाच राहतो.

बायोप्सीत तुकडा १० टक्के फॉर्मलिनमध्ये, त्याच्या आकाराच्या दहापट द्रावणात. सलाइनमध्ये पाठवलेले तुकडे कुजून येतात. तुकडा मेणात तिरका बसला तर आधारपटल कुठे आणि किती थर बिघडलेत तेच कळत नाही, आणि आधारपटल ओलांडले की नाही यावरच सगळे ठरते. ते शाबूत तर डाग, ओलांडले तर कर्करोग. कच्चा मेटाप्लेझिया आणि तीव्र डाग यांत गोंधळ झाला तर पी१६ चे रंगकाम. ई७ ने आरबी बांधला की पेशी ब्रेक लावायच्या धडपडीत पी१६ भरमसाट बनवते. खालच्या थरापासून सलग, गडद रंग आला तर डाग खरा. तुरळक ठिपके आले तर नाही.

---

उंबरठा | बुधवार, रात्री १०:४०

डाग सापडल्यावर जाळायचा की कापायचा याचे उत्तरही अस्तराच्या खोलीत आहे. बिघडलेल्या पेशी नुसत्या पृष्ठभागावर नसतात, ग्रंथींच्या खाचांत उतरतात, चार-पाच मिलिमीटरपर्यंत. म्हणून ७ मिलिमीटरपर्यंत नाश व्हायला हवा. वरवर जाळले की वर नवे अस्तर येते आणि खाचेत डाग जिवंत राहतो.

थर्मल ॲब्लेशनचे, म्हणजे उष्णतेने जाळण्याच्या उपकरणाचे, टोक सुमारे १०० अंशांना २० ते ३० सेकंद, संपूर्ण पट्टा झाकेपर्यंत. क्रायो असेल तर ३ मिनिटे गोठवणे, ५ मिनिटे वितळू देणे, पुन्हा ३ मिनिटे. दोन्हीसाठी अटी त्याच: शीव पूर्ण दिसली पाहिजे, डाग नळीत गेलेला नसावा, मुखाच्या तीन चतुर्थांशापेक्षा मोठा नसावा, कर्करोगाचा संशय नसावा. एकही अट मोडली तर लीप, म्हणजे तारेच्या कड्याने कापून काढणे, आणि तुकडा तपासायला काचपट्टींकडे. जाळलेल्याचा तुकडा मिळत नाही, म्हणून शंका असताना जाळणे हा जुगार आहे. नंतर चार आठवडे संबंध नको, पाणी जाईल ते अपेक्षित आहे. ताप, दुर्गंधी, पाळीपेक्षा जास्त रक्त आले तर परत यायचे. एक वर्षाने एचपीव्ही चाचणी.

नळीतल्या कॉलम्नर पेशींचा कर्करोग, ॲडेनोकार्सिनोमा, यातून निसटतो. व्हीआयएला तो दिसत नाही. त्यात एचपीव्ही १८ चा वाटा मोठा.

---

दुपारचा_चहा | गुरुवार, दुपारी ३:१५

लसीचे राहिले. हाताच्या स्नायूत दिलेली लस इतक्या लांबच्या अस्तराचे रक्षण कशी करते?

---

निळावंती | गुरुवार, रात्री ९:०५

सोमवारचा ‘उशीर’ आठवा. लसीत फक्त एल१ प्रथिनाची पोकळ कवचे असतात, आत जनुक नाही. त्याने रक्तात प्रतिपिंड प्रचंड वाढतात. ते श्लेष्म्यात थोडे झिरपतात, आणि ओरखडा पडला की रक्तद्रवाबरोबर थेट त्याच जागी ओघळतात. विषाणू आधारपटलाला चिकटून तासन्‌तास रेंगाळत असतो, तेवढ्यात ते त्याला बांधून टाकतात. ज्या ओरखड्यातून तो येणार त्याच ओरखड्यातून पहारेकरीही येतो.

आणि म्हणूनच शिरलेल्या विषाणूवर लस चालत नाही. खालच्या थरातली संसर्गित पेशी एल१ दाखवतच नाही, प्रतिपिंडांना ओळखायला काही नाही. ‘एचपीव्ही निघाला, आता लस घेऊ का’ याचे उत्तर: निघालेल्या प्रकारासाठी उपयोग नाही, न निघालेल्यांसाठी आहे.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हावॅकला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. प्रकार ६, ११, १६, १८, वय ९ ते २६, मुलगे आणि मुली दोघांनाही. परवान्यानुसार ९ ते १४ वयात ० आणि ६ महिने असे दोन डोस, १५ पासून ०, २, ६ महिने असे तीन. एका डोसबद्दल: भारतातच दोन आणि तीन डोसांची तुलना करणारा अभ्यास २०१० मध्ये मध्येच थांबवला गेला, आणि त्यामुळे बऱ्याच मुलींना एकच डोस मिळालेला राहिला. त्यांचा पाठपुरावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला: १६-१८ च्या टिकाऊ संसर्गापासून ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण. २०२२ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय मान्य केला त्यात या मुलींच्या नोंदींचा मोठा वाटा आहे. प्रतिकारशक्ती कमी असेल तर एकावर भागवू नये, किमान दोन, जमल्यास तीन.

---

गोदाकाठ | गुरुवार, रात्री ९:४०

पुरवणी. साठवण २ ते ८ अंश. बर्फाला टेकू द्यायची नाही. लसीत ॲल्युमिनियमचे क्षार असतात, गोठले की त्यांचे गोळे होतात आणि लस वाया जाते. आइसपॅक आधी घामेजू द्यायचे, हलवल्यावर आत पाणी खळखळले की मगच वाहकात ठेवायचे. शंका आली तर शेक टेस्ट (कुपी हलवून गाळ किती लवकर बसतो ते बघणे), तीही त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून तिच्याशी तुलना करून. नुसते डोळ्यांनी बघून ‘बरी दिसते’ म्हणायचे नाही. आणि लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी सुटत नाही, १६-१८ सोडून दहा प्रकार उरतातच.

---

उंबरठा | गुरुवार, रात्री ९:५८

एक विनंती, इथे वाचणाऱ्या निवासी डॉक्टरांना. कागदावर ‘इरोजन’ लिहिणे सोडा. ‘एक्ट्रोपियन, शीव पूर्ण दिसते, व्हीआयए निगेटिव्ह’ असे लिहा, आणि बाईला मराठीत सांगा: आतले अस्तर बाहेर दिसते आहे, जखम नाही, अमुक वर्षी पुन्हा तपासायला या. वर्ष कागदावर ठळक अंकात लिहून द्या.